तूप, तेल आणि म्हाताऱ्यांचं दुखणं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या देवणीचं नाव महाराष्ट्रात झालं ते गुरांमुळं. तालुका म्हणून देवणी अलीकडची, पण गाय म्हणून जुनी. वानेरा, बाळंक्या आणि शेवरा असे तिचे तीन प्रकार. वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, बाळंक्या पूर्ण पांढरा, आणि शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. बैल कामाला दणकट, गाय दुधाला बरी. त्यामुळं बाहेरच्या माणसाला वाटतं, देवणीची माणसं म्हणजे दुधातुपात लोळलेली.

माझं लहानपण १९५० आणि ६०च्या दशकातलं. घरी दोन देवणी गायी होत्या. तूप कढायचं, त्याचा वास गल्लीभर जायचा आणि ते तूप उदगीरच्या बाजाराला निघून जायचं. घरात ते दिसायचं सणाला, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला. 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' ही म्हण आम्हाला पाठ होती. पण बहुतेक दिवस या दोन्हींच्या मधले होते. रोजच्या भाकरीबरोबर असायचं ते करडईचं तेल. तेही पळीनं मोजून.

करडई हे आमच्याकडचं रब्बीचं पीक. ज्वारीच्या कडेनं तिचे तास पेरायचे. तिला काटे असतात, त्यामुळं जनावर आत शिरत नाही. कोवळेपणी पाल्याची भाजी आणि शेवटी तेल. काढणीला मात्र हाताला चिंध्या गुंडाळून जावं लागायचं. करडई तेल्याच्या घाण्यावर जायची, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल गोल फिरायचा, तेल आपल्याला आणि पेंड गुरांना. म्हणजे करडईचाच एक भाग गाईच्या पोटातून पुन्हा तूप होऊन बाजारात जायचा. शिवाय जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, शेंगदाण्याचं कूट. आमचे स्निग्ध पदार्थ ते एवढेच.

हे इतकं सविस्तर सांगतो त्याला कारण आहे. मी शिकलो विकृतिशास्त्र, म्हणजे रोगट ऊतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचं शास्त्र, आणि नोकरीभर तेच केलं. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर हा त्यातला एक मोठा भाग. या विषयावर कुठं बोलायला गेलो की पहिला प्रश्न तेलाचा येतो. 'डॉक्टर, कोणतं तेल खावं?' आणि पाठोपाठ विधान, की पूर्वी लोक घरचं तूप खायचे, म्हणून त्यांना असले रोग नव्हते. या प्रश्नामागं जवळजवळ पाऊणशे वर्षांचा शोध आहे. तो सरळ रेषेत गेलेला नाही, आणि त्याचा एक धागा आपल्या परांडा-भूमपर्यंत येतो.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. उतारवयात ती बहुतेकांची वाढते आणि लघवीची धार बारीक होते. ती वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सर ही वेगळी गोष्ट, आणि तो बराच काळ मुकाट्यानं वाढतो. १८५३ साली लंडन हॉस्पिटलचे सर्जन अ‍ॅडम्स यांनी सूक्ष्मदर्शकानं पाहून या कॅन्सरचा एक रुग्ण नोंदवला आणि हा रोग फार दुर्मीळ असल्याचं लिहिलं. आज जगभरच्या पुरुषांत जास्तीत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरांत त्याची गणना होते. मग मधल्या काळात झालं काय? माणसांनी खाणं बदललं, हे एक उत्तर. माणसं जास्त जगू लागली, हे दुसरं. आणि डॉक्टर शोधू लागले, हे तिसरं. तिन्ही उत्तरं एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की सोडवता सोडवता शास्त्रज्ञांचे केस पिकले.

आपल्याकडचं दुसरं उत्तर तर सरळ आहे. १९५१च्या सुमारास भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, हे खरं. पण सत्तरी गाठणारे पुरुष गावात बोटांवर मोजण्याइतके, हेही तितकंच खरं. जो रोग सत्तरीत डोकं वर काढतो, तो चाळिशीत-पन्नाशीत पटकी, क्षय आणि तापानं गेलेल्या माणसात दिसणार कसा? 'पूर्वी हे रोग नव्हते' या वाक्यात तुपाचा संबंध फार थोडा आहे.

आता शोधाची गोष्ट. १९३५ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अर्नोल्ड रिच या विकृतिशास्त्रज्ञानं पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनात प्रत्येकाची प्रोस्टेट तपासली. माणसं निरनिराळ्या कारणांनी गेलेली. सुमारे १४ टक्क्यांच्या ग्रंथीत कॅन्सरचा ठिपका निघाला. त्यातल्या बहुतेकांना जिवंतपणी त्याचा पत्ताही नव्हता. आमच्या व्यवसायात याला सुप्त कॅन्सर म्हणतात. मला हे वाचून पहिल्यांदा जे वाटलं ते अजून आठवतं: हा रोग आहे, की वय झाल्याची एक खूण?

दुसरीकडं देशोदेशीच्या आकड्यांची तुलना सुरू झाली. त्यासाठी आधी आकडे हवेत, म्हणजे कुणीतरी बसून एकेक रुग्ण मोजायला हवा. या बाबतीत आपण मागं नव्हतो. १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीनं डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकारानं लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. भारतातली ती पहिली. मुंबईचे आकडे जगाच्या तक्त्यात बसले आणि दिसलं की प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये अमेरिका, स्वीडन कुठल्या कुठं वर आहेत आणि मुंबई, जपान खूप खाली.

मग हे रक्तातलं की राहणीतलं? १९६८ साली हेन्झेल आणि कुरिहारा या संशोधकांनी जपानमधून अमेरिकेत गेलेल्यांचे मृत्यू तपासले. देश सोडलेल्या जपान्यांत प्रोस्टेटच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू मायदेशापेक्षा वाढलेले होते, जरी ते गोऱ्या अमेरिकनांच्या पातळीला पोहोचले नव्हते. रक्त तेच, ताट बदललं. १९७५ मध्ये ब्रूस आर्मस्ट्राँग आणि रिचर्ड डॉल यांनी अनेक देशांतला आहार आणि कॅन्सर समोरासमोर मांडले. हे डॉल म्हणजे सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचं नातं दाखवणारे, त्यामुळं त्यांच्या शब्दाला वजन होतं. ज्या देशात माणशी स्निग्ध पदार्थ जास्त, तिथं प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त, असं चित्र निघालं. अमेरिकन माणूस त्या काळी आपल्या एकूण उष्मांकांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांतून घेत होता. आमच्या पळीभर करडई तेलाचा तिथं काय पाड?

आर्मस्ट्राँग आणि डॉल यांनी स्वतःच बजावलं होतं की अशा तुलनेतून कारण सिद्ध होत नाही. जिथं लोणी जास्त तिथं मोटारीही जास्त, टेलिफोनही जास्त, डॉक्टरही जास्त आणि म्हातारेही जास्त. पण वर्तमानपत्रांना एवढा धीर कुठला! चरबी आणि कॅन्सर ही जोडी तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसली.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सगळ्यांत मोलाचा निबंध १९७७चा आहे, आणि तो बाहेर फारसा कुणाला माहीत नाही. ब्रेस्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ठिकाणच्या शवविच्छेदनांतल्या प्रोस्टेट ग्रंथी एकाच पद्धतीनं तपासल्या: हाँगकाँग, सिंगापूर, इस्रायल, युगांडा, जर्मनी, स्वीडन आणि जमैका. अपेक्षा अशी, की जिथं रोग जास्त तिथं सुप्त ठिपकेही जास्त. निघालं भलतंच. अगदी लहान ठिपक्यांचं प्रमाण सगळीकडं जवळपास सारखं होतं. भात खाणाऱ्या हाँगकाँगमध्ये आणि लोणी खाणाऱ्या स्वीडनमध्ये फरक होता तो मोठ्या, पसरू लागलेल्या गाठींचा.

याचा अर्थ शेतकऱ्याला सांगायला फार सोपा. बी सगळ्यांच्या रानात पडतं. उगवून त्याचं झाड होणं हे जमीन आणि पाण्यावर. प्रश्न बदलला: स्निग्ध पदार्थांनी कॅन्सर होतो का, हा प्रश्न मागं पडला, आधीच असलेल्या ठिपक्याला ते खतपाणी घालतात का, हा पुढं आला. १९९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधून आणखी एक माहिती आली. अपघात वगैरे कारणांनी गेलेल्या तरुण पुरुषांच्या ग्रंथी तपासल्या, तेव्हा तिशीतल्या चौघांमागे एकाच्या ग्रंथीत ठिपका होता. म्हणजे सत्तरीत दिसणारं झाड तिशीत पेरलेलं असतं. मधली तीस-चाळीस वर्षं माणूस काय खातो, किती हालचाल करतो, अंगावर किती चढवतो, हा सारा अवधी मोकळा आहे.

आता आपल्या भागाकडं येऊ. १९८७ साली बार्शीला एक काम सुरू झालं, ज्याची आपल्याकडं हवी तशी वाखाणणी झाली नाही. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि आपल्या मराठवाड्यातले परांडा आणि भूम, या तीन तालुक्यांसाठी ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. भारतातली पहिली ग्रामीण नोंदणी. शहरात नोंदणी म्हणजे रुग्णालयांच्या दप्तरांतून नावं उतरवणं. खेड्यात रुग्ण दप्तरापर्यंत येतच नाही. म्हणून इथले कार्यकर्ते गावोगाव गेले, घरोघर बोलले, लक्षणं समजावून सांगितली, संशय आला त्यांना तपासणीला यायला राजी केलं. एसटी, सायकल आणि पायपीट यांच्या जोरावर उभं राहिलेलं हे शास्त्र आहे. त्याच मुशीतून पुढं उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखावर स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये जगभर गाजले. पण तो वेगळा विषय.

बार्शीच्या नोंदीत प्रोस्टेटचा कॅन्सर फारच कमी निघाला. लाख पुरुषांमागे वर्षाला एक आकडी, मुंबईपेक्षाही बराच कमी. अमेरिकेत हाच आकडा शंभराच्या घरात. झालं! कमी तेल, ज्वारीची भाकरी आणि शेतातली मेहनत, म्हणून कमी कॅन्सर, असं म्हणायला आपण मोकळे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेत १९८६पासून पीएसए नावाची रक्ताची तपासणी वापरात आली. ती आल्यावर काही वर्षांतच तिथले आकडे उसळी मारून वर गेले. काही अमेरिकनांनी एकाएकी लोणी दुप्पट केलं नव्हतं. जे ठिपके पूर्वी माणसाबरोबर सरणावर जात, ते आता कागदावर येऊ लागले. परांड्याच्या शेतकऱ्याची ही तपासणी कुणी केलेली नसते. बार्शीचे कार्यकर्ते कितीही फिरले तरी जे दुखत नाही ते सांगणार कोण?

आणि जे दुखतं तेही आपण सांगत नाही. माझे चुलते हे याचंच उदाहरण. साठी उलटल्यावर त्यांना रात्री चार-चार वेळा उठावं लागायचं. 'म्हातारपण आहे, चालायचंच' असं सगळेच म्हणाले, तेही म्हणाले. मग कंबर धरली. वर्षभर चोळून घेतलं, शेक घेतला, एका वैदूचा लेप लावला. अखेर एका रुग्णालयात क्ष-किरण काढला तेव्हा मणक्यात आणि खुब्यात रोग पसरलेला होता. तेव्हा मी नोकरीत होतो, त्यांचा तुकडा मीच पाहिला. १९४१ साली चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं होतं की हा कॅन्सर पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो आणि वृषणं काढली की तो मागं हटतो. त्याबद्दल त्यांना १९६६चं नोबेल मिळालं. चुलत्यांना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, 'गावात काय सांगू, बैलासारखं खच्ची करून आलो म्हणून?' चार महिने त्यांनी होकार दिला नाही. मग वेदनेनं दिला. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात ते काठी टेकत शेतावर गेले आणि पुढं तीन वर्षं जगले. हा माणूस आयुष्यभर तूप विकत आला होता, खात नव्हता. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवायचो. तरी तेलाचा प्रश्न आला की मला ते आठवतात.

आता कोणती चरबी, याविषयी. इथं शास्त्राचा प्रवास म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर असाच झाला. १९०२च्या सुमारास विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञानं द्रव तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याची युक्ती काढली. १९३७ साली मुंबईत 'डालडा' आला आणि गरिबाच्या लाडवाला तुपाचं रूप मिळालं. पुढं तज्ज्ञ म्हणाले, घट्ट चरबी हृदयाला वाईट, पातळ तेल चांगलं. त्या लाटेत आमच्या करडईचं नशीब उघडलं. तिच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलिक या असंपृक्त आम्लाचा. जे तेल आम्ही परिस्थितीनं खात होतो, ते शहरात हृदयाचं तेल म्हणून सुबक डब्यात मिळू लागलं.

पण त्याआधीच शंकेची पाल चुकचुकली होती. लॉस एंजेलिसच्या माजी सैनिकांच्या निवासात ८४६ पुरुषांना दोन गटांत विभागून, एका गटाला जनावरांच्या चरबीऐवजी मका, सोयाबीन, करडई, सरकी अशी तेलं दिली होती. हृदयविकार कमी झाला. पण १९७१ साली जाहीर झालं की तेलाच्या गटात कॅन्सरनं ३१ जण गेले आणि दुसऱ्या गटात १७. इतर ठिकाणच्या तशाच प्रयोगांत हे दिसलं नाही, म्हणून गोष्ट मागं पडली. मग ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा प्रयोग. १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांपैकी निम्म्यांना करडई तेल आणि त्याचंच मार्गारीन दिलं होतं. त्याची जुनी टिपणं पुन्हा उकरून २०१३ साली हिशेब मांडला, तर करडईच्या गटात मृत्यूच जास्त निघाले.

खास प्रोस्टेटबाबत अमेरिकेत हजारो पुरुषांना वर्षानुवर्षं आहार विचारत गेलेल्या अभ्यासातून १९९३ मध्ये जोव्हानुची यांनी दाखवलं, की प्राण्यांची चरबी, विशेषतः लाल मांसातली, वाढलेल्या कॅन्सरशी जोडलेली दिसते. म्हणजे पुन्हा झाडाशी, बियाशी नव्हे. त्याच अभ्यासात लिनोलेनिक आम्लावरही संशय आला. हे आम्ल जवसात भरपूर. पुढच्या अभ्यासांत तो संशय टिकला नाही. उलट २००८ साली शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या पुरुषांना रोज ३० ग्रॅम जवस दिलं, तेव्हा गाठीतल्या पेशींची वाढ मंदावलेली आढळली. बिचाऱ्या जवसाची पंधरा वर्षांत आरोपी ते औषध अशी बढती झाली. आमच्या घरची जवसाची चटणी या साऱ्या काळात होती तशीच होती.

अगदी अलीकडं, २०२४च्या अखेरीस, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून एक छोटा पण नेटका प्रयोग प्रसिद्ध झाला. शंभर पुरुष, सगळ्यांना सौम्य कॅन्सर, उपचार न करता लक्ष ठेवलेले. निम्म्यांना वर्षभर तळण, करडई-मक्यासारखी तेलं कमी करायला सांगितली आणि माशाचं तेल दिलं. या गटात पेशींच्या वाढीची खूण सुमारे १५ टक्क्यांनी उतरली, दुसऱ्या गटात २४ टक्क्यांनी चढली. पण गाठीची प्रत, म्हणजे ती किती आक्रमक दिसते, ती दोन्ही गटांत सारखीच राहिली. शंभर माणसं आणि एक वर्ष. चाळीस वर्षांच्या रोगापुढं हे थोडंच. आणि २०२० साली अशाच पुरुषांना भरपूर भाज्या खायला लावलेल्या मोठ्या प्रयोगात काहीच फरक दिसला नव्हता, हेही त्याच्या शेजारी ठेवून वाचावं.

या सगळ्यांत टिकून राहिलेली गोष्ट एकच दिसते, आणि ती ताटातली नसून अंगावरची आहे. जागतिक कर्करोग संशोधन निधीनं २०१४ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासून सांगितलं, की लठ्ठपणामुळं पुढच्या टप्प्याचा प्रोस्टेट कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, याला भक्कम पुरावा आहे. दुधाबाबतचा पुरावा त्यांनी मर्यादित ठरवला, तेव्हा देवणीच्या गाईनं निश्चिंत असावं.

लातूर जिल्ह्यात करडईची रानं आता शोधावी लागतात. १९९०नंतर तिथं सोयाबीन पसरलं आणि लातूर त्याची मोठी बाजारपेठ झाली. १९९४मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, तेल स्वस्त झालं आणि पळी जाऊन पिशवी आली. बसस्थानकाबाहेरच्या भज्यांच्या कढईला सकाळपासून रात्रीपर्यंत विसावा नाही. इकडं शहरांत लाकडी घाण्याचं करडई तेल चौपट भावानं विकायला बसलंय आणि माझे जुने विद्यार्थीच ते रांगेत उभं राहून घेतात. घ्यावं, चवीला फार छान असतं. मीही घेतो, पळीनं मोजून.

पिशवीतल्या तेलावर वाढलेली आमच्याकडची पहिली पिढी आज तिशी-चाळिशीत आहे. शेतात ट्रॅक्टर आहे, दारात मोटारसायकल आहे, सरासरी वय सत्तरीला टेकलं आहे. डेट्रॉइटचा हिशेब धरला तर त्यांच्यातल्या चौघांमागे एकाच्या ग्रंथीत बी आजच पडलेलं असेल. त्यांचे आकडे परांडा-भूमच्या नोंदवहीत उतरतील ते २०५०च्या पुढं.